एकतीस नंबरचं कुलूप

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. आमच्या प्लॅटफॉर्मवर एकशे चाळीस माणसं राहतात. त्यांतली निम्मी मला पाठीमागे 'कुलूपबाई' म्हणतात आणि उरलेली निम्मी तोंडावर म्हणतात. मला दोन्ही चालतं. भर समुद्रात, किनाऱ्यापासून हेलिकॉप्टरने सव्वा तासावर, लोखंडी पायांवर उभं राहून तळाखालचं तेल आणि गॅस वर काढायचा, तर कुणीतरी एकाने वाईटपणा घ्यावाच लागतो. तो मान माझा.

माझं काम असं. कुणाला पाइप उघडायची असो, पंप सोडवायचा असो, तारेला हात लावायचा असो, आधी माझ्याकडून कागद घ्यायचा. कागद मिळाला की ज्या वाल्वमुळे किंवा ज्या बटणामुळे आपला जीव जाऊ शकतो, ते बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्याला किल्ली एकच, आणि ती त्याच्याच खिशात. कुलपाला एक टॅग असतो. त्यावर नाव, तारीख आणि काम लिहायचं. काम संपलं की ज्याने घातलं त्यानेच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. अगदी गळ्याशी आलं तर आधी माणूस कुठे आहे ते शोधायचं, मग त्याच्याशी स्वतः बोलायचं, आणि मगच साहेबांची लेखी परवानगी घेऊन कटरने तोडायचं. आणि जो शहाणा कुलूप मागे ठेवून घरी जातो, त्याचा समुद्रावर यायचा पास कायमचा जातो. पास गेला की नोकरी गेली.

आता भाऊजींबद्दल. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, आमच्याकडे फिटर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि हुद्द्याने खूप खाली. तीन वर्षांपूर्वी त्यांचा कारखाना बंद पडला. ताईने काही मागितलं नाही, नुसती फोनवर गप्प बसली. ते मला सहन झालं नाही. मी माझा शब्द टाकला. हाताला त्यांच्या तोड नाही, कामही चोख, पण बोलणं म्हणाल तर महिन्याला चार वाक्यं. ते आले आणि लगेच मेसमध्ये कुजबुज सुरू झाली, आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मग मी काय केलं, इतरांना एकदा टोकलं तर भाऊजींना तीनदा टोकायला लागले. सगळ्यांच्या देखत. त्यांनी कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही. ताई म्हणायची, अगं तुझा धाक इतका आहे की घरीसुद्धा दिवा बंद करून दोनदा बघतात.

हे झालं त्या दिवशी आमचा नवा साठा सुरू व्हायचा होता. नऊ किलोमीटरवर छोटा प्लॅटफॉर्म उभा केला होता, त्यावर तीन विहिरी. चार वर्षं त्यात गेली होती. विहिरी खोदल्या, तळावरून पाइप आणली, ती आमच्या डेकवर चढवली. आता दुपारी चार वाजता तिच्या तोंडाचा मोठा वाल्व उघडायचा, की तिकडचं तेल पहिल्यांदा इकडे येणार. मुख्य कचेरीतून पाच पाहुणे सकाळी नऊला हेलिकॉप्टरने उतरले, नवीकोरी हेल्मेटं घालून, मागची किमतीची चिठ्ठीही न काढता. त्याच हेलिकॉप्टरने पाळी संपलेली पंधरा माणसं घरी गेली. त्यांत भाऊजी होते. मी यादीवर सही केली, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साडेबाराला मी शेवटची फेरी मारली. माझ्या खोलीत एक फळी आहे, खिळे ठोकलेली. वापरात नसलेलं कुलूप तिथे आपल्या खिळ्यावर लटकतं. मी बोट फिरवत मोजत गेले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, आणि एकतिसाचा खिळा रिकामा. एकतीस नंबर भाऊजींचा होता.

खाली जाऊन पाहिलं. मोठ्या वाल्वच्या चाकाला साखळी, आणि साखळीला एकतीस नंबर लटकलेला. त्याच वाल्वच्या पुढच्या सांध्यावर त्यांनी तीन दिवस काम केलं होतं. कामाचा कागद फोरमनने सकाळीच माझ्या टेबलावर आणून टाकला होता. 'काम पूर्ण, नवी रिंग बसवली' आणि खाली त्याची ठसठशीत सही. म्हणजे काम संपलं होतं आणि आमचे भाऊजी कुलूप विसरून, किल्ली खिशात घालून, घरी निघून गेले होते. तीन वर्षं डोकं फोडून शिकवलं आणि शेवटी हे. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय म्हणणार? मी खरंच एवढ्या मोठ्याने म्हणाले की वर क्रेनवाल्याने वाकून पाहिलं.

कंट्रोल रूममधून त्यांना फोन लावला. बंद. ताईला लावला. ती म्हणाली, अजून पोचले नाहीत, हेलिकॉप्टरनंतर बसचा लांबचा प्रवास, अडीचपर्यंत येतील, फोनची बॅटरी त्यांची नेहमीचीच मेलेली असते. मग तिने विचारलं, काही झालंय का? मी नाही म्हणाले. ती म्हणाली, तुझा आवाज तसा वाटत नाही. आणि मग हळूच, त्यांच्या नोकरीचं काही नाही ना? पोरीच्या कॉलेजची फी परवाच भरली होती. मी म्हटलं, काही नाही गं, आणि फोन ठेवला.

साहेबांना सांगणं भाग होतं. आमचे साहेब म्हणजे प्लॅटफॉर्मचे प्रमुख, माणूस भला, पण त्या दिवशी पाहुण्यांनी त्यांना पार पिळून काढलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ हिशेब मांडला. माणूस हेलिकॉप्टरने गेला, यादीवर तुमची सही आहे. म्हणजे पाइपच्या जवळपास तो नाही, कुणाच्या जिवाला धोका नाही. फोन लागत नाही. चार वाजता वाल्व उघडायचा आहे. मग आवाज खाली करून म्हणाले, तोडून टाका आणि विसरा. मी परवानगीचा कागद नंतर लिहितो, किंवा लिहीतही नाही. लिहिला तर तुमच्या भाऊजींचा पास जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटलं. पंधरा वर्षांत मी एकही कुलूप असं तोडलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला फक्त ताईचा आवाज ऐकू येत होता. माणूस जमिनीवर आहे, मग बोलायचं ते काय? त्यांना घरी गेल्यावर मी झापलंच असतं, सहा महिने पुरेल इतकं. मी कटर मागवला.

कटर घेऊन आला तो इलेक्ट्रिशियन. त्याला सगळे फ्यूज म्हणतात, कारण तो बोलता बोलता मध्येच बंद पडतो. साखळी त्याने धरली, कटर मी. जबडे कुलपाच्या कडीवर बसवले आणि दोन्ही दांडे दाबले. पोलाद कुरकुरलं, कडीत दात रुतले, पण कडी तुटली नाही. मी पाय रोवले आणि पुन्हा दाबणार, तेवढ्यात फ्यूज म्हणाला की टॅग मध्ये येतोय, बाजूला करा, नाहीतर तोही कापला जाईल.

मी टॅग बाजूला करायला उचलला, आणि तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला.

इथे मला माझीच लाज वाटते, म्हणून जरा थांबते. कुणाही परक्याचं कुलूप असतं तर टॅग मी तीनदा वाचला असता. तेच तर माझं काम. पण हे भाऊजींचं, म्हणून मला वाटलं, यात वाचायचं काय, मला ठाऊक आहे. टॅगवर नाव होतं. तारीख आजची होती, सकाळची. म्हणजे जुनं कुलूप राहून गेलेलं नव्हतं, निघायच्या आधी नव्याने घातलेलं होतं. आणि 'काम' या रकान्यात, त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'आधी मला विचार.'

मी कटर खाली ठेवला. फ्यूज विचारत होता काय झालं, मी टॅग त्याच्यापुढे धरला.

पुढचा दीड तास मी त्या वाल्वजवळ एका उपड्या डब्यावर बसून काढला. कटर डब्याखाली. साहेब आले, त्यांना टॅग दाखवला. ते म्हणाले, याचा अर्थ काय? मी म्हणाले, अर्थ त्यांनाच ठाऊक, म्हणून विचारायचं. मग फोरमन आला. चार वर्षं या दिवसासाठी राबलेला माणूस, चेहरा घामाने डबडबलेला. म्हणाला, बाई, मेहुण्याने चिठ्ठी लिहिली म्हणून सगळं थांबवणार का, लोक काय म्हणतील? मी त्याला म्हटलं, लोक तीन वर्षं म्हणतच आहेत, आज त्यांना नवीन विषय मिळेल. पाहुण्यांपैकी एक जण आला आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागला, की आमच्या कचेरीत असं झालं असतं तर. मी म्हटलं, तुमच्या कचेरीत टेबलाखालून गॅस येत नाही. तो गेला. मी रागीट आहे हे त्या दिवशी फार उपयोगी पडलं.

अडीच वाजून दहा मिनिटांनी कंट्रोल रूममध्ये फोन लागला. साहेबांनी स्पीकर चालू केला. साहेब, फोरमन, दोन पाहुणे, फ्यूज आणि मी, सगळे टेबलाभोवती उभे. ताईने फोन त्यांच्याकडे दिला.

"भाऊजी, कुलूप का ठेवलंत?" मी विचारलं.

"रिंग जुनीच आहे," ते म्हणाले.

फोरमन खुर्चीत बसला. मला लगेच कळलं, पण पाहुण्यांना सांगावं लागलं. दोन पाइपांच्या तोंडांमध्ये एक लोखंडी रिंग बसते. बोल्ट आवळले की ती दबते आणि सांधा पक्का होतो. एकदा दबलेली रिंग पुन्हा घालायची नसते, ती पुन्हा तशी बसत नाही. बाकीचं भाऊजींनी तोडक्या शब्दांत सांगितलं. पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी जुनी घातली होती, आणि पाणी धरलं, गळलं नाही. नवी रिंग कालच्या बोटीने आली, अजून स्टोअरमध्ये पडून होती. ती बदलायची तर पुन्हा सगळे बोल्ट सोडा, आवळा, पुन्हा चाचणी. रात्र गेली असती आणि चारचा मुहूर्त हुकला असता. म्हणून फोरमन म्हणाला, पाणी धरलं ना, मग पुढे कधी पाइप बंद ठेवू तेव्हा बदलू, आणि कागदावर 'नवी रिंग' लिहून मोकळा झाला. पाणी धरतं म्हणून गॅस धरेल असं नसतं. आणि त्या सांध्यापासून वीस पावलांवर आमचा मेस आहे.

फोरमनने नाकारलं नाही. 

मग साहेबांनी भाऊजींना विचारलं की हे सकाळी का नाही सांगितलं, तोंडाने? एवढं मोठं काम थांबवायचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, भिंतीवर लिहिलंय.

"बाईंच्या दारात गेलो होतो," भाऊजी म्हणाले. "त्या फोनवर होत्या. त्यांनी हात केला, फोरमनकडे जा म्हणून. फोरमनशी बोलून झालंच होतं. हेलिकॉप्टर लागलं होतं."

मला आठवलं. दारात कुणीतरी उभं होतं आणि मी न बघताच हात झटकला होता. कारण ते आल्या आल्या पहिल्या आठवड्यात मीच त्यांना बजावलं होतं, माझ्याकडे थेट यायचं नाही, जे असेल ते फोरमनमार्फत, नाहीतर लोक बोलतील. मी ते बोलून विसरले होते. त्यांनी तीन वर्षं पाळलं होतं.

"मग म्हटलं, कुलूप घालतो," ते पुढे म्हणाले. "ती माझं कुलूप मला विचारल्याशिवाय तोडणार नाही. बाकी कुणाचं सांगता येत नाही, तिचं येतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी तर मान डोलावली. फ्यूज जमिनीकडे बघत होता. तेव्हा मी बोलायला हवं होतं, आणि मी बोलले नाही. मी म्हणाले, ठीक आहे, मी स्टोअरमधून नवी रिंग काढायला सांगते, आणि तरातरा बाहेर पडले.

पुढचं काम सुरेख झालं. कुलूप वाल्ववर तसंच ठेवलं, त्यामुळे पाइप बंदच होती. सांधा सोडला. जुन्या रिंगेच्या एका बाजूला नखाएवढी खाच होती, पाहुण्यांनी आळीपाळीने तिच्यावर बोट फिरवून पाहिलं आणि त्यानंतर त्यांची कचेरी कुणाच्या तोंडी आली नाही. रात्रभर काम चाललं, पहाटे चाचणी पास झाली. साहेब आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते, काम झालं की फोनवर त्यांची परवानगी घ्या आणि तोडा. मी म्हटलं होतं, नाही, माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, किल्ली त्याच्याकडे आहे. ज्याने घातलं तो येऊन काढेल. पाहुण्यांना न्यायला सकाळी हेलिकॉप्टर येणारच होतं. त्यातून भाऊजी आले, घरी अर्धी रात्र झोपून. फोरमनला त्याच हेलिकॉप्टरने परत पाठवायचं ठरलं. भाऊजींच्या पासाचं साहेबांनी ठरवलं नव्हतं. रिंग पकडली हे खरं, पण न सांगता कुलूप घालून किल्ली घेऊन गेले हेही खरं. म्हणाले, तुमचा अहवाल द्या, त्यावर बघतो. अहवाल मी पहाटेच लिहिला होता. भाऊजींचं बरंवाईट दोन्ही लिहिलं, फोरमनचं लिहिलं, मी दारातून हात केला तेही लिहिलं. खाली सही तेवढी केली नव्हती.

दहा वाजता भाऊजी वाल्वपाशी वाकले. पाहुणे चार पावलं मागे उभे. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, साखळी सोडवली. मग कुलूप तळहातावर घेतलं आणि त्यांचा अंगठा कडीवर थांबला. कटरचे दोन दात तिथे चांगले रुतलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुलूप मुठीत झाकलं आणि हळूच पँटच्या खिशात टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून.

मी त्यांच्यासाठी जे करायला निघाले होते, तेच ते माझ्यासाठी करत होते. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"भाऊजी, ते इकडे द्या," मी म्हणाले. "आपण एकमेकांचं असं झाकत बसलो, तर एक दिवस हा मेस राहणार नाही."

"जाऊ दे ना," ते पुटपुटले. "तोडलं नाहीस ना."

"तुटलं नाही म्हणून. मी टॅग वाचलाच नव्हता."

त्यांनी कुलूप दिलं. वाल्व उघडला. चाक फिरवायला साहेबांनी भाऊजींनाच सांगितलं. काट्यावर दाब चढत गेला, पाइप गुरगुरली, आणि तिकडच्या तीन विहिरींचं तेल इकडे आलं. सांध्यावर टॉर्च मारून पाहिलं, थेंब नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर गेले, अहवालात एक ओळ घातली, 'माणसाशी न बोलता, टॅग न वाचता, कुलपाला कटर मी लावला', सही केली आणि कागदावर कुलूप ठेवून ते साहेबांच्या टेबलावर सरकवलं.

साहेबांनी वाचलं. कुलूप फिरवून पाहिलं. कटर कुणाच्या सांगण्यावरून आला हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. मग पेन घेऊन त्यांनी माझ्या ओळीखाली स्वतःची ओळ लिहिली आणि स्वतःची सही केली. म्हणाले, आता तुम्हाला, तुमच्या भाऊजींना आणि मला, तिघांना ताकीद लिहितो, एकाच मजकुराची, आणि माझी वरच्यांकडे पाठवतो. पास तिघांपैकी कुणाचाच काढत नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचा श्वास मला आधी ऐकू आला.

"राहिली ना नोकरी?"

"राहिली," मी म्हणाले. "दोघांचीही."

"दोघांची? तुझी कधी जात होती?"

मी खोलीचं दार उघडं ठेवलं, खुर्ची ओढून बसले आणि तिला सगळं सांगितलं, तीन वर्षांपूर्वी मी तिच्या नवऱ्याला माझ्याकडे थेट यायचं नाही असं बजावलं होतं, तिथपासून.